डोक्यावरचं दार

नवऱ्याची मान गाडीच्या मागच्या काठावर आडवी पडली होती आणि गाडीचं मागचं दार माझ्या डोक्यावर होतं. मी बाजूला झाले असते तर ते दार सरळ त्याच्या मानेवर आलं असतं. दाराच्या खालच्या कडेला कुलपाचा लोखंडी खटका होता. दार लागलं की तो खटका जिथे जाऊन बसतो, नेमकी तिथेच त्याची मान होती.

तो शुद्धीवर नव्हता. पालथा पडलेला, अंग गाडीत, डोकं बाहेर लोंबलेलं. डाव्या कानशिलातून रक्त गळत होतं आणि खाली मातीत थेंब पडत होते.

"अहो," मी ओरडले, "अहो, मागे सरका! आत सरका!"

त्याचं बोटही हललं नाही.

ही वेळ कशी आली ते सांगते. गाडी जुनी होती, लांब. तिला सगळे इस्टेट म्हणायचे. धुळ्याच्या एका डॉक्टरने वापरून वापरून विकायला काढली तेव्हा नवऱ्याने घेतली. लग्नाला जायचं तर तीच, खताची पोती आणायची तर तीच. तिला वेगळी डिक्की नव्हती. मागचं अख्खं दार काचेसकट वर उघडायचं आणि दोन बाजूंचे दोन गॅसचे शॉकअप त्याला वर धरून ठेवायचे. गाडीबरोबर शॉकअपही म्हातारे झाले. एकातून तेल गळून तो पार मेला होता, दुसरा कसाबसा जोर धरून होता. दार उघडलं की थोडा वेळ वर राहायचं, मग कधी खाली येईल त्याचा भरवसा नाही. त्याच आठवड्यात मी मागे ठेवलेलं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, काढायला गेले. हात मागे घेतला आणि दार धाडकन पडलं. गंगाफळाच्या चिंधड्या झाल्या, बिया माझ्या लुगड्यावर उडाल्या. तेव्हापासून मी त्या दाराजवळ जात नव्हते.

मीच मागे लागले म्हणून त्याने जळगावहून नवीन जोडी घेतली. मी गाडीतच बसले होते, तेव्हा दुकानाशेजारचा मिस्तरी म्हणाला ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"भाऊ, थांबा जरा, मी बसवून देतो."

"दोन काढायचे अन् दोन लावायचे. त्याले मिस्तरी कायले पाह्यजे?"

"मग दार पार वर जाऊ द्या. खालून भक्कम टेका द्या. आणि एका वेळी एकच काढा. दार अर्धवट असताना काढलात तर शॉकअपची दबलेली दांडी सुटून अंगावर येईल."

"हो हो," नवरा म्हणाला. त्याचं हो हो मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फैजपूरजवळच्या आमच्या केळीत गेलो. त्याने गाडी मागे मागे घेत बांधाला लावली आणि तिथेच काम काढलं. टेका द्यायला शेतात बांबू काय कमी होते? पण एकेक बांबू एकेका केळीला लावलेला. घड भरत आले होते आणि वाऱ्याचे दिवस होते. टेकू काढला की झाड घडासकट आडवं व्हायला वेळ लागत नाही.

"एक बांबू काढा की," मी म्हणाले.

"दारासाठी झाड पाडू? काही समजते का तुले?"

"मग घरून फळी आणू."

"घरी कोन जाईन आता? तू हायेस ना. दोन दोन हंडे डोक्यावर घेऊन येते विहिरीवरून, हे दार तुले जड हाय?"

"मिस्तरी टेका म्हणाला होता."

"टेकाच तर म्हनून राहिलो मी. चाल, हो उभी."

मी जुन्या धडप्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, बांधावर उभी राहिले आणि दार डोक्यावर घेतलं. वरून दोन्ही हातांनी धरलं. खरं सांगायचं तर तेव्हा जड वाटलं नाही. पण मी बुटकी. बांधावर उभी राहूनही दार पार वर गेलं नाही, हातभर खालीच राहिलं. आमच्याकडे ओझं म्हटलं की बाईचं डोकं. त्या डोक्याची उंची पुरते का, हे कोणी मोजत नाही. त्याने मोजलं नाही, मलाही सुचलं नाही.

तो आत गुडघ्यांवर बसला. तळावर त्याने खताचं रिकामं पोतं अंथरलं होतं. मेलेला शॉकअप पटकन निघाला.

"पाह्य, झालं का नाही? मिस्तरी म्हने टेका लावा!"

"आता नवीन लावा त्या जागी."

"दुसराही काढून घेतो. दोन्ही संगंच लावतो."

दुसऱ्यात जीव होता. दार अर्धवट असल्यामुळे तो दबलेलाच होता. नवऱ्याने तोंड अगदी जवळ नेलं आणि स्क्रूड्रायव्हरने त्याची पट्टी उचकटली. टण्णकन आवाज झाला. दांडी सुटून त्याच्या कानशिलावर बसली. तो ओरडलासुद्धा नाही. पुढे कोसळला आणि मान काठावर येऊन पडली. त्याच क्षणी दाराचा सगळा भार माझ्या डोक्यावर आला.

आता मला कोणी तरी हवं होतं. आमचा सालदार, शेतावरचा सालाचा गडी, विहिरीवर होता, पण लाइट गेलेली होती आणि त्याने डिझेल इंजिन लावलं होतं. त्याची फटफट सगळ्या केळीत भरलेली. मी ओरडले. माझं माहेर नरडाण्याकडचं. सासरी माझ्या बोलीला हसायचे म्हणून मी ती केव्हाच टाकली होती. त्या वेळी तोंडात तीच आली.

"कोनी शे का? आठे या रे! धावा! माणूस मरस!"

इंजिन फटफटत राहिलं. केळीची पानंसुद्धा हलत नव्हती.

मला आधी त्याच्या मरणाची भीती वाटली आणि मग माझ्या मानेची. हंडा घेऊन चालताना ओझं जाणवत नाही. उभं राहिलं की जाणवतं. मानेचा मणका खाली दबत होता. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसता येत नव्हता. एक हात काढून बघितला, तर दार एका बाजूला कललं. परत हात लावला. वाटलं, त्याच्या अंगावर आडवं पडावं, दार पाठीवर घ्यावं. पण मी वाकले असते तर माझ्याआधी दारच खाली पोचलं असतं. गंगाफळ डोळ्यांसमोरून जाईना.

थांबावं, असं ठरवलं. कधी तरी लाइट येईल, सालदार इंजिन बंद करेल, मग माझी हाक ऐकेल. तोवर मी उभी राहीन. मी लहानपणापासून ओझी वाहिलेली बाई आहे, राहीन उभी.

मग त्याच्या घशातून घरघर यायला लागली. त्याचा गळा काठावर दाबला जात होता आणि श्वास अडत होता. कानाची पाळ निळी पडायला लागली. म्हणजे दार नाही पडलं तरी तो मरणार होता, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी वर दार धरून उभी राहणार होते.

हात मोकळे नव्हते. पाय होते.

आमच्यात नवऱ्याला चुकून पाय लागला तरी बाई वाकून नमस्कार करते. मीही जन्मभर केला. पण पापाचा विचार त्या वेळी आला आणि गेला. भीती होती ती तोलाची. एका पायावर उभी राहिले आणि घसरले तर मीच त्याला मारलं असं झालं असतं. दुसरी भीती मानेची होती. जोरात लोटलं आणि मणका मोडला तर?

मी उजवा पाय उचलला आणि तळवा त्याच्या टाळूवर ठेवला. केस घामाने ओले होते. हळू लोटलं. तो हलला नाही. घरघर थांबली. मग मी हळूबिळू सोडलं आणि लाथ मारली, जशी दाराला मारतात तशी. ते खताचं पोतं गुळगुळीत प्लास्टिकचं होतं, त्याच्यावरून तो थोडा आत गेला. हनुवटी काठावर अडकली. मी परत मारली.

डोकं आत गेलेलं मला दिसलं, की दिसलंसं वाटलं, हे आजही सांगता येत नाही. बांधाची माती पायाखालून सुटली, चुंबळ सरकली आणि दार पडलं. माझा पाय अजून काठावरच होता.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी पाठीवर पडले आणि पाय वर दारात अडकून राहिला. दुखलं नंतर. आधी एवढंच डोक्यात होतं, की दाराखाली माझ्या एकटीचाच पाय आहे, की त्याचं डोकंही आहे? खालून मला दाराची कड आणि आभाळ, एवढंच दिसत होतं. मी कान दिले. घरघर ऐकू येत नव्हती. ती थांबली होती, की इंजिनामुळे ऐकू येत नव्हती, ते कळेना. दाराच्या फटीतून रक्त ओघळत माझ्या पोटरीवर आलं. ते माझं की त्याचं, तेही कळेना. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नाही.

मग लाइट आली असावी. इंजिन बंद पडलं. मी होता नव्हता तो सगळा आवाज काढला.

सालदार केळीतून धावत आला. मला तशी लोंबलेली बघून जागीच थिजला.

"अक्का! काय झालं वो? भाऊ कुठी हायेत?"

"आत. आधी त्यांना बघ. मेले का ते सांग."

"अक्का, तुमचा पाय…"

"पाय घाल चुलीत! त्यांना बघ म्हणते ना!"

त्याने दार उचललं आणि खांद्यावर घेतलं. माझा पाय सुटून खाली आपटला. मग त्याने हात लांब करून जवळच्या केळीचा बांबू उपटला आणि दाराला लावला. कोणाला विचारलं नाही. त्या झाडाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, मीही विचारलं नाही. मग तो आत वाकला.

"बोल ना रे मेल्या!"

"थांबा अक्का, नाकाशी हात धरतो." मग म्हणाला, "चालू हाय. श्वास चालू हाय."

तेव्हा मी रडले असेन. नीट आठवत नाही.

सालदाराला गाडी चालवता येत नव्हती. त्याने रस्त्यावर जाऊन केळीचा ट्रक थांबवला. आम्हा दोघांना घडांवर टाकून जळगावला नेलं. वाटेत मी नवऱ्याच्या नाकाशी बोटं धरून बसले होते. ट्रक खड्ड्यात आदळला की श्वास लागत नसे आणि मी ड्रायव्हरला शिव्या देत असे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, जागे होतील की नाही ते आज सांगता येत नाही. माझ्या पायाला प्लास्टर घातलं. मी त्याच्या शेजारच्या खाटेवर पडून त्याची छाती वर-खाली होते का ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले.

"गाडी कुठी हाय?"

"मसणात."

"दार पडलं का?"

"पडलं."

"कोनावर?"

मी प्लास्टर दाखवलं. तो टाळू चाचपडू लागला.

"इथं काहून दुखते? मार तर कानशिलाले बसला."

"मी लाथ मारली. दोनदा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं कशी मारली आणि का मारली. प्लास्टर नसतं तर सवयीने उठून पाया पडले असते, पण उठता येत नव्हतं.

"बरं केलं," तो म्हणाला. "पन गावात कोनाले सांगू नको."

गावात सगळ्यांना त्यानेच सांगितलं. "लोकायच्या बायका पाय दाबतात," म्हणायचा, "माह्या बायकोनं पाय मारला म्हनून मी हाय." नवीन शॉकअप पुढे जळगावच्या मिस्तरीनेच बसवले. दार पार वर नेलं, खाली जाड लाकूड लावलं, एक काढला, एक लावला, मग दुसरा. आमचा चहा पिऊन व्हायच्या आत झालं. नवरा लांब उभा राहून बघत होता.

त्याला डाव्या कानाने कायमचं कमी ऐकू येऊ लागलं. माझा पाय जुळला, पण वाकडा. तो जगला आणि मीही जगले.