ज्याची त्याची मूठ

एखादी वस्तू निकामी होणार हे तिच्या मालकाच्या दोन महिने आधी ओळखणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा सख्खा मेव्हणा आहे. मुरबाडच्या बाजारात त्याचं मिक्सर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं दुकान आहे. रविवारी तो आमच्याकडे शहापूरला येतो, बहिणीची चौकशी करतो, चहा घेतो आणि घरावरून एक सावकाश नजर फिरवतो. त्या नजरेत आली की आमची वस्तू आमची राहत नाही. झिजलेला खराटा, करपून काळाठिक्कर पडलेला कुकर, कडा सुटलेली चाळण, सगळं त्याच्या पिशवीत जातं. एकदा तो माझ्या पायांकडे बराच वेळ बघत बसला. मला वाटलं, सूजबीज आली की काय. तर म्हणाला, "दाजी, ह्या चपला कदी टाकनार तुमी?" मी म्हटलं, "अरे, अजून घालतोय मी!" "घाला घाला. घाई नाय. टाचेचा खड्डा आजून नीट पडला नाय," असं म्हणून त्याने मला एका उन्हाळ्याची मुदत दिली.

ही बाधा त्याला मुंबईत झाली. मिक्सरचे सुटे भाग आणायला गेला असताना तो मुतारी शोधत शोधत एका थंडगार इमारतीत शिरला. आत चित्रांचं प्रदर्शन होतं. तिथे एका पांढऱ्याशुभ्र भिंतीवर कुणाच्या तरी घरातले फुटके कप ओळीने टांगलेले होते. ज्या कामासाठी तो आत शिरला होता ते विसरून तासभर तिथेच उभा राहिला. परत आला तो सुटे भाग न घेताच. "दाजी, त्या कपांतनं कोन कोन प्यालं असंल, ते दिसत व्हतं," एवढंच तो म्हणाला. मी शाळेत मराठी शिकवतो. कल्पनेची भरारी वगैरे शब्द मला रोज लागतात. पण मी त्या दिवशी मनसोक्त हसलो होतो.

त्यानंतर त्याच्या घरात माणसांनी वावरायचं कुठे, हाच प्रश्न झाला. छताला चाळण्या, खिडकीत शेगड्यांची बर्नरं, न्हाणीत घासून पारदर्शक झालेले साबणाचे तुकडे. त्याची बायको शांत स्वभावाची आहे. तिने खडूने घराच्या मधोमध रेघ ओढली आणि सांगितलं, "रेघेच्या अल्याड आलं, त्ये चुलीत जाईल." एकदा ती आमच्याकडे चार दिवस राहायला आली, तेव्हा म्हणाली, "ताई, माज्या घरात पावनी मीच. बाकी सगली कायमची." नात्यातल्या एका लग्नाच्या अल्बममध्ये हा एकाच फोटोत सापडतो, तोही पाठमोरा. सगळे नवरा-नवरीकडे बघत आहेत आणि हा आचाऱ्याच्या वाकलेल्या झाऱ्याकडे.

मग त्याला विळ्यांच्या मुठी दिसल्या. माझी सासुरवाडी सिद्धगडाच्या पायथ्याशी आहे. तिथल्या माळ्यावर जुने विळे पडलेले होते, पातं झिजून दोऱ्याएवढं झालेले. त्याने एक उचलला आणि मुठीवर अंगठा ठेवला. वर्षानुवर्षं भात कापून त्या लाकडावर अंगठ्याचा खळगा पडला होता. दुसऱ्या विळ्यावर तो खळगा जरा खाली होता, तिसऱ्यावर डावखुऱ्या बाईचा. दोन बायांचा अंगठा काही सारखा पडत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला तो सांगू लागला, "जुना इळा आना, मिक्सर फुकट करून देतो." दोन वर्षांत शंभराच्या वर मुठी जमल्या. पाती काढून त्याने त्या बारीक तारांवर टांगल्या, अशा की समोर उभं राहिलं तर प्रत्येक खळगा आपल्याकडे वळलेला दिसावा. ते पाहिलं आणि मी हसायचा थांबलो.

जवळच्या एका फार्महाउसवरच्या बाई मिक्सर घेऊन आल्या, त्यांनीही ते पाहिलं. त्या मुंबईत प्रदर्शनं भरवायच्या. महिनाभरात सगळं ठरलं, कार्डं छापून आली. एक कार्ड त्याने आमच्याकडे आणलं आणि त्यावरचं आपलं नाव माझ्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतलं. फक्त त्याने एक अट घातली: मुंबईला जायच्या आधी हे, ज्यांच्या घरून मुठी आल्या त्या गावातल्या बायांना दाखवायचं. बाई आनंदाने तयार झाल्या.

गावच्या शाळेच्या पडवीत मुठी टांगल्या. दुपारी कामं उरकून बाया आल्या, आधी लांबूनच बघत राहिल्या, मग हळूहळू तारांमध्ये शिरल्या. एक म्हातारी एकेका मुठीवर अंगठा ठेवत चालली होती. मध्येच ती थांबली. "ही माज्या आयची हाय," ती म्हणाली. "सुनेनं मला न इचारता दिली. बग, ह्यो तिचा आंगठा." तिचा स्वतःचा अंगठा त्या खळग्यात होता आणि तो ती काढेना. मेव्हण्याने खिशातून पक्कड काढली, तार कापली आणि मूठ तिच्या हातात दिली.

मग दुसरी पुढे आली. तिसरीला सासूची सापडली. हा एकेकीला विचारत होता, "तुमची कंची?" आणि तार कापत होता. मुंबईच्या बाई धावत आल्या. "अहो, हे काय करताय? परवा टेम्पो येणार आहे! हे सगळं मिळून एकच काम आहे!"

"मॅडम, ज्याचं त्याला वलकू आलं," तो म्हणाला. "आजून काय पायजे?"

बाई बाजूला झाल्या. त्या रागावल्या नाहीत, पण प्रदर्शनातली त्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

पुढच्या रविवारी तो आला, चहा घेतला, पण घरावरून नजर फिरवली नाही. माझ्या बायकोने स्वतःहून फुटकी परडी पुढे केली. "ही ने की रे."

"राव दे, ताई." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कार्डावर गावाचं नाव पन छापलं व्हतं, दाजी. पन ती म्हातारी मूठ धरून उभी राह्यली, तवा मी नाय कसं म्हननार व्हतो?"

मी शाळेत शब्दांचे अर्थ सांगतो. त्या दिवशी मी माझा अर्धा चहा त्याच्या बशीत ओतला.

शेवटी दहा-बाराच मुठी उरल्या, कुणीच न ओळखलेल्या. त्या आता त्याच्या दुकानात भिंतीवर आहेत. मध्यंतरी मुरबाडला गेलो, तेव्हा त्यांतल्या सर्वांत लहान मुठीवर मी अंगठा ठेवून पाहिला. बसला नाही. खळगा इतका लहान होता की धरणारी दहा-अकरा वर्षांची असेल. "कुणाची असेल रे?" मी विचारलं.

"म्हाईत नाय. येईल कुनीतरी."

दुपारी तो जेवायला घरी जातो, पण दुकान बंद करत नाही. मी म्हटलं, "अरे, लोकांचे मिक्सर जातील चोरीला." तो शेगडी पुसत होता. "जातील त्ये जातील, दाजी," तो म्हणाला. "पन कुनी लांबून आली आनि दार बंद बगून मागं फिरली, तर?"