कुकीनं मोडलेली सोयरीक

"ताई, तुमच्या वेबसाइटनं गजाननची सोयरीक मोडली. आता तुमीच या अन् जोडून द्या."

फोन पिंपळगाव राजाहून होता, रौफभाईंचा. त्यांचं तिथे कृषी केंद्र आहे, म्हणजे बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. मी खामगावात वेबसाइट बनवते. माझ्या वेबसाइट बंद पडल्यात, हॅक झाल्यात, एकीवर तर रातोरात रशियन जाहिराती आल्या होत्या. सोयरीक मोडल्याची तक्रार मात्र पहिलीच.

"कोण गजानन?" मी विचारलं.

"गजानन भोपळे. आपल्या कॉम्प्युटरवर नाव येते ना, तोच."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. चूक कुठे झाली असणार ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि ती माझीच होती.

त्याचं असं झालं. बीटी कापसाला बोंडअळी लागत नाही, असं सगळे धरून चालले होते, आणि त्याच कापसात गुलाबी बोंडअळी निघायला लागली, त्या वर्षांतली ही गोष्ट. लोक रौफभाईंना दिवसभर तेच तेच विचारायचे. म्हणून त्यांनी दुकानाची वेबसाइट करायला घेतली. त्यात रोगांची माहिती, सरकारी अर्जांची माहिती आणि 'घेणे-देणे' नावाचं एक पान, जिथे गावातली माणसं जुनी अवजारं, जनावरं विकायला टाकतील. ज्यांच्याकडे चांगला मोबाईल नाही त्यांच्यासाठी दुकानातच एक कॉम्प्युटर मांडला. आणि त्यांची एक अट होती. "गिऱ्हाईक पायरी चढलं की मी नावानं हाक मारतो. वेबसाइटनं बी मारली पाह्यजे."

मी म्हटलं, सोपं आहे, कुकी टाकते.

कुकी म्हणजे चिठ्ठी. तुम्ही वेबसाइट उघडली की ती तुमच्याच ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्यातून इंटरनेट पाहता त्या खिडकीत, एक चिठ्ठी ठेवून जाते. पुढच्या वेळी तीच चिठ्ठी काढून वाचते आणि म्हणते, हा तर आपला नेहमीचा. जाहिरातवाले तर अशा चिठ्ठ्या हजार वेबसाइटवरून ठेवतात. म्हणून तुम्ही एकदा फवारणीचा पंप पाहिलात, की पुढचा महिनाभर क्रिकेटच्या स्कोअरशेजारीही पंपच दिसतो. 'कुकीज स्वीकारा' असा चौकोन येतो तेव्हा हीच परवानगी मागितलेली असते. आपण तो चौकोन माशी हाकलावी तसा हाकलतो. त्या वेबसाइटवर मी तेवढाही चौकोन ठेवला नव्हता. म्हटलं, दुकानातल्या दुकानात कसली परवानगी.

माझी चिठ्ठी साधी होती. नाव, आणि शेवटी पाहिलेली पाच पानं. मुदत एक वर्ष. उद्घाटनाला रौफभाईंनी त्यांच्या ओळखीतल्या गजाननला बसवलं, त्यानं आपलं नाव टाकलं, स्क्रीनवर आलं, 'राम राम, गजानन भोपळे.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढा खाऊन घरी आले.

आता चिठ्ठीला फक्त कॉम्प्युटर कळतो, माणूस कळत नाही. माझ्या ऑफिसात माझ्या लॅपटॉपवर मी एकटी बसते, त्यामुळे तपासताना सगळं बरोबर आलं. रौफभाईंच्या कॉम्प्युटरवर अख्खं गाव बसत होतं. चार महिने प्रत्येकाला 'राम राम, गजानन भोपळे' दिसत होतं आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

"काऊन नाही सांगितलं कोणी?" मी दुकानात गेल्या गेल्या विचारलं.

"लोकायले वाटलं गजाननच राम राम घालून राह्यला," रौफभाई म्हणाले. "चांगलं बोल्ला म्हनून दोघातिघायनं त्याले चहा बी पाजला."

गजानन कोपऱ्यात खताच्या पोत्यावर बसला होता. एकतीस वर्षांचा, सहा एकर कपाशी, बोलायला कमी. शेती करणाऱ्या मुलाला पोरगी मिळणं तेव्हा किती अवघड झालं होतं हे मी वेगळं सांगायला नको. त्याची चार स्थळं नुसत्या 'काय करतो' या प्रश्नावर परत गेली होती. पाचवं दुसरबीडचं, वैशाली नावाच्या मुलीचं. ते जमत आलं होतं.

आमच्याकडे होकार देण्याआधी मुलीकडचं एक माणूस न सांगता गावात येऊन चौकशी करून जातं. हॉटेल, पिठाची गिरणी आणि कृषी केंद्र, ही तीन ठिकाणं ठरलेली. वैशालीचे मामा कृषी केंद्रात आले तेव्हा रौफभाई गोदामात होते. मामा कॉम्प्युटरसमोर बसले. स्क्रीनवर मुलाचंच नाव आणि खाली यादी.

'मागच्या वेळी तुम्ही पाहिलं: बोंडअळी नुकसानीचा अर्ज. जुना ट्रॅक्टर विकणे. म्हशीचे दूध आटले, उपाय. शेत मक्त्याने देणे. बोअरची मोटर जळाली.'

मामांनी फोटो काढला आणि कोणाशी एक शब्द न बोलता पुढच्या एसटीने गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, विचार करून कळवतो. याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

"मी फोन केला त्यायले," रौफभाई म्हणाले. "म्हटलं, ते बाकी लोकायचं हाये. तर मामा म्हनते, मी डोळ्यानं पाह्यलं."

"मी दुरुस्त केलेल्या पानाचा फोटो पाठवते."

"फोटोवर आता त्यायचा इस्वास नाही. सोताचा सोडून."

चिठ्ठी त्या कॉम्प्युटरमध्येच होती. तेव्हा पुरावा दाखवायचा तर कॉम्प्युटरच न्यायला हवा होता. रौफभाईंनी फोन करून आपण येतोय एवढंच कळवलं. मग मॉनिटर सरकीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून दुकानाच्या व्हॅनमध्ये ठेवला, सीपीयू गजाननच्या मांडीवर दिला आणि आम्ही दुसरबीडला निघालो. चिखलीच्या पुढे गजानन म्हणाला, "ताई, हे चालू झालं नाही तं?" मी म्हटलं, होईल. मला स्वतःला तितकीशी खात्री नव्हती.

मुलीच्या वडिलांनी बसायला सतरंजी टाकली, पण चहाचं नाव काढलं नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"तुमचे मिस्टर नाही आले का? कॉम्प्युटरचं ते बघतात ना?"

"ते बँकेत आहेत. कॉम्प्युटर बंद पडला की मलाच फोन करतात," मी म्हटलं. रागानं माझे कान तापले होते. त्याच रागात मी वायरी जोडल्या आणि माझ्या मोबाईलचं नेट केबलने लावलं.

कॉम्प्युटर चालू झाला. 'राम राम, गजानन भोपळे.'

"बघा," मामा म्हणाले.

"आता तुम्ही बसा खुर्चीत."

मामा बसले. 'राम राम, गजानन भोपळे.' मुलीचे वडील बसले, तेही गजानन भोपळे. मग वैशालीनं दारातूनच स्वतःच्या मोबाईलवर ती वेबसाइट उघडली आणि म्हणाली, "माझ्या मोबाईलवर नाव विचारतंय. गजानन वगैरे काही नाही."

"कारण तुमच्या मोबाईलमध्ये चिठ्ठी नाही," मी म्हटलं. मला त्या मुलीचा हात धरावासा वाटला. मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यांदेखत चिठ्ठी पुसली. मामांना त्यांचं नाव टाकायला लावलं. 'राम राम, रंगनाथ मामा.' मामा जरा खुलले.

मग मी वैशालीला खुर्चीत बसवलं. तिनं मनाला येईल ती पाच पानं पाहिली. मी वेबसाइट बंद करून परत उघडली.

'राम राम, रंगनाथ मामा. मागच्या वेळी तुम्ही पाहिलं: शेत मक्त्याने देणे. शेळ्यांची खरूज. बैलजोडी विकणे. शेत मक्त्याने देणे. तणनाशकाने पीक जळाले.'

"अहो, मी कुठं शेत देतोय?" मामा उठून उभे राहिले. आतल्या खोलीत बायका हसत सुटल्या. मुलीच्या वडिलांनी मिशीवरून हात फिरवून हसू दाबलं आणि आत आवाज दिला, "चहा ठेवा गं."

जिंकलो, असं मला वाटलं. मी वायरी गुंडाळायला घेतल्या. तेवढ्यात गजानन बोलला.

"त्यातलं ट्रॅक्टरचं माह्यं होतं."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. निर्दोष सोडवून आणलेल्या माणसानं कोर्टाच्या पायरीवर गुन्हा कबूल करावा, तसं झालं. रौफभाईंनी डोळे मिटले.

"काय म्हणालात?" मुलीचे वडील.

"ट्रॅक्टर विकाचं मीच पाह्यत होतो. अन् बोंडअळीचा अर्ज बी माह्याच. दोन वर्स झाले, कापूस अळीनंच खाल्ला. सहा एकराले ट्रॅक्टर कायले ठेवाचा? विकून शेळ्या घेतो म्हनतो. बाबाले सांगतलं नाही अजून. बाकी म्हैस, मोटर, मक्ता, ते आमचं नाही."

मामांचा चेहरा पुन्हा मामांसारखा झाला. "म्हणजे मी आणलेली बातमी खरी होती."

मला त्या मुलाचा राग येत होता आणि त्याची कीवही. तीन तासांचा प्रवास, सीपीयू मांडीवर, आणि शेवटी हे.

"कपाशी सगळी सोडणार का?" वैशालीनं विचारलं. सरळ त्याला.

"अर्धी. एकदम नाही सोडता येत."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, यंदा मी तीन मुलं पाहिली. आपल्या वावरात अळी, शेजारच्या वावरात अळी, आणि त्या तिघांच्या घरी म्हणे एक नंबर कापूस. अख्ख्या जिल्ह्यातून अळी फक्त त्यांच्याच बांधावरून परत गेली होती का? अळी आहे असं सांगणारे हे पहिलेच. मला चालतील."

वडील गजाननला म्हणाले, "तुमच्या बाबांना आधी सांगा. मग त्यांना घेऊन या."

मामांनी विचारलं, "ट्रॅक्टर कोणत्या सालचं मॉडेल आहे?"

चहाबरोबर पोहेही आले.

लग्न उन्हाळ्यात झालं. मला आहेराची साडी मिळाली. मामांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "लग्न मोडत होतं ते यांच्यामुळे." जुळलं कोणामुळे ते त्यांनी सांगितलं नाही, आणि खरं बघता त्यात माझं काही नव्हतंच. कुकीनं पाच गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन त्याच्या निघाल्या, आणि कोणत्या दोन ते त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं.

रौफभाईंच्या वेबसाइटवर आता आधी चौकोन येतो: 'तुमचं नाव लक्षात ठेवू का?' लोक 'नको' दाबतात. तुम्हीही दुकानातल्या, ऑफिसातल्या, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तेच दाबत जा. आणि कुकी टाकायची असली की मी प्रत्येक क्लायंटला आधी विचारते, "या कॉम्प्युटरवर किती माणसं बसतात?" बहुतेकांना वाटतं, मी खुर्च्याही विकते.