बिनविस्तवाचा तंबाखू

डाव्या पायाचा अंगठा आधी निळसर झाला, मग काळपट. यवतमाळच्या डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली, ती सापडेना. "सिगारेट ओढता ना? नसा बंद पडत चालल्या आहेत. सोडा, नाहीतर पाय जाईल," ते म्हणाले. मी बाहेर आलो आणि दवाखान्याच्या फाटकाशीच एक पेटवली. का पेटवली, याचा खुलासा माझ्याकडे नाही. बायको शेजारी उभी होती.

लवंगा चघळून झाल्या, औषधी च्युइंगगम झालं, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली. ती शपथ मोडली तेव्हा मला स्वतःची किळस आली. मग मेहुण्याने संमोहनाचं काढलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "काहींना उपयोग होतो, काहींना नाही. खात्री देता येत नाही. करून पाहा." माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?

यवतमाळातच, लोहाऱ्याच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर संमोहन करणाऱ्या एका गृहस्थांची खोली होती. आरामखुर्ची, पडदे, हळू फिरणारा पंखा. मी डोळे मिटले. धुराला जळक्या रबराचा वास येतोय, असं ते संथ आवाजात सांगत राहिले आणि मी हसू दाबत राहिलो. पण परत घरी, दिग्रसला एसटीतून उतरलो, शेजारच्याने बिडी पेटवली आणि मला खरोखर ओकारी आली! त्या संध्याकाळी बायकोने शिरा केला. मी तिच्यादेखत सिगारेटचं पाकीट कचऱ्यात टाकलं.

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, कापसाची प्रत पाहतो. तिथे काडेपेटीला सक्त मनाई. एक ठिणगी उडाली तर गंजीच्या गंजी जातील, म्हणून चौकीदार फाटकावर सगळ्यांचे खिसे चाचपतो. सिगारेटसाठी मला दरवेळी रस्ता ओलांडावा लागे. आता मी जागचा हलेना, तेव्हा मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांनी कौतुक केलं. तलब मात्र गेली नव्हती, ती जबड्यात येऊन बसली होती. वजनकाट्यावरच्या मित्राने प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा पुढे केला. "घे ना भाऊ. याच्यानं कायची आग लागून राह्यली?" सुपारी, चुना, तंबाखू. कापसात उभं राहून सगळे तोच खातात. जिनिंगमध्ये भीती फक्त विस्तवाची, आणि इतक्या वर्षांत माझीही भीती तेवढीच उरली होती. घरी बायको कपडे धुण्याआधी माझ्या खिशातून पन्न्या काढून फेकत असे. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाय दुखायचा थांबेना. पुन्हा यवतमाळ गाठलं. "डॉक्टरसाहेब, एकबी सिगरेट नाही ओढली यायनं," बायको अभिमानाने म्हणाली.

डॉक्टर माझ्या दातांकडे पाहत होते. "तोंडात काय आहे?"

"खर्रा," मी म्हणालो, चहा म्हणावं तसं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नसांना धुराशी देणंघेणं नाही, तंबाखूशी आहे. ओढला काय, चघळला काय, त्या बंदच पडणार. अंगठा काढावा लागला. खर्रा सुटला नाही तर पुढे पाऊल, मग घोटा, असं त्यांनी घरी सोडताना स्वच्छ सांगितलं.

परतीच्या बसमध्ये बायको रडत होती. "मले काहून नाही समजलं हो? पन्न्या तर मीच काढत होती." संमोहनवाल्याला दोष द्यावा, तर त्याला जे सांगितलं होतं ते त्याने केलंच होतं. आणि एवढं होऊनही माझं लक्ष खिडकीबाहेरच्या पानटपऱ्यांकडे जात होतं. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होतो.

पुन्हा संमोहनवाल्याच्या त्याच खुर्चीत जाऊन बसलो. लाज सोडून हात जोडले. "साहेब, खर्रा सोडवा. मले पाय पाह्यजे."

"शरीर सैल सोडा," ते म्हणाले. मी सोडलं. जबडा शिवशिवत होता, तरी सोडलं. "आता पाय हलके होत आहेत. इतके हलके, की ते आहेत की नाहीत, हेही तुम्हाला कळत नाहीये."

मी ओरडून उठलो आणि दोन्ही हातांनी डावा घोटा पकडला. दार ढकलून बायको आत धावली. "काय झालं हो?"

माझे हात सुटेनात. "आहे," मी तिला म्हणालो. "अजून आहे."