आधी व्याह्याचं पान

माझ्या व्याह्याइतका हट्टी माणूस उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो ह्याचाच कोणीतरी सोयरा निघेल. सोयरे काढायची ह्याला खोडच आहे. कुठल्याही गावात उतरला की पहिल्या भेटलेल्या माणसाला आडनाव विचारतो, मग मामाचं गाव विचारतो, आणि चौथ्या प्रश्नाला तो माणूस ह्याच्या चुलत मेहुणीच्या जावेचा भाऊ ठरतो. मग त्याच्या ओट्यावर बसून चहा. आमची सहल नेणाऱ्या मॅडम देशावरच्या होत्या म्हणून सुटल्या, नाहीतर त्याही नात्यात आल्या असत्या.

सहल म्हणजे मोटरहोमची. घरासारख्या तीन गाड्या, आत झोपायला, शिजवायला, सगळं. अलिबागहून निघायचं, मुरूड, मग दिघीला तरीतून, म्हणजे फेरीबोटीतून, उतरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, असे चार दिवस. माझ्या जावयानं ती आपल्या आईबापासाठी ठरवली होती. पण माझी बायको जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते आणि माझं जेवण सुटलं होतं. मासळीला तर ती गेल्यापासून मी हात लावला नव्हता. पँट कमरेवर राहत नव्हती. लेक सासऱ्यापुढे रडली, म्हणाली, "बाबा असेच राहिले तर पावसाळा बघायचे नाहीत." सासऱ्यानं तिला तिथल्या तिथं शब्द दिला, मी जेवायला लावतो. मग आपल्या बायकोला गाडी लागते असं सांगून तिला घरी ठेवलं आणि तिच्या जागी मला गाडीत कोंबलं. मी बसतानाच बजावलं, "व्याही, येतोय तो लेकीच्या तोंडाकडे बघून. खाण्याचा आग्रह करायचा नाही."

"कोन करतंय आग्रह?" तो म्हणाला. "तुम्ही बसा तर खरे."

ह्याची सगळी उमर न्हावा शेव्याला ट्रेलर चालवण्यात गेली. मोटरहोमला प्रदक्षिणा घालून त्यानं निकाल दिला, "कंटेनरला खिडक्या पाडल्या नि मानसं भरली." मागं बसायला तयार होईना. ड्रायव्हरशेजारी बसला आणि रेवदंड्याच्या पुलापर्यंत आपल्या पायानं नसलेला ब्रेक दाबत राहिला. गाडी मागे घ्यायची झाली की हा खाली उडी मारून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" करत रस्ता अडवणार. आमच्याच नाही, तिन्ही गाड्यांच्या मागे. गाडीतला संडास त्यानं चार दिवसांत एकदाही उघडला नाही. शेगडीपासून तीन हातांवर तसलं काही करणं त्याला पटेना. सकाळी उठून तो गावात कोणातरी सोयऱ्याकडे जायचा आणि येताना वालाच्या शेंगा घेऊन यायचा.

मुरूडला त्यानं ओले बोंबील आणले आणि गाडीच्या बाजूला जे कापडी छप्पर बाहेर येतं, त्याच्या दांडीवर जोड्या-जोड्यांनी वाळत घातले. खाली दुसऱ्या गाडीतली पुण्याची मंडळी खुर्च्या टाकून समुद्र बघत होती. एक बाई नाकाला रुमाल लावून उठल्या. मॅडम धावत आल्या.

"काका, हे आधी काढा. लोकांना वास येतोय."

"मॅडम, दर्याला यायचं नि वासाला भ्यायचं? मग महाबळेश्वरला न्यायची व्हती ना मंडळी."

बोंबील काही निघाले नाहीत. गाडी निघाली तेव्हाही ते तसेच, फक्त आतल्या पडद्याच्या दोरीवर.

पण ह्याचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे व्याह्याच्या आधी घास घ्यायचा नाही. खरं तर मान मुलाकडच्यांचा. आमच्याकडे मुलीचा बाप लग्नात हात जोडून उभा असतो. ह्याचं सगळं उलटं. लग्नाच्या पंगतीत मी वाढप्यांना ओरडायला आत गेलो होतो, तर हा माझ्यासाठी पानावर हात जोडून बसलेला. त्याची सगळी भावकी ताटकळत. "पोरगी त्यांनी दिली, आमी घेतली. मग मोठं कोन?" असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून वीस वर्षं झाली, एकत्र बसलो की आधी माझं पान, मग त्याचं. सहलीतही तेच. मी दोन दिवस दहीभाताचे चार घास गिळायचो आणि उठायचो. तो आग्रह करायचा नाही, पण मी पहिला घास घेईपर्यंत डोळे माझ्या हातावर.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही श्रीवर्धनला एका सुपारीच्या वाडीत गाड्या लावल्या. हा नेहमीसारखा गायब झाला आणि आला तो हातात जिताडा घेऊन. एवढा मोठा मासा. कुठल्या सोयऱ्यानं दिला देव जाणे. स्वतः साफ केला, कालवण केलं. जिताड्याचं कालवण ही आमच्या घरची गोष्ट. बायको करायची तेव्हा शेजारची माणसं वाटी घेऊन यायची. त्या वासानं माझं डोकंच फिरलं. मी खाली उतरलो आणि एका झाडाखाली जाऊन बसलो. त्यानं पान वाढून हाक मारली.

"मला नको," मी ओरडलो. "आज दहीभातपण नको. तुम्ही जेवा."

तो जेवला नाही. पानापुढे बसून राहिला. आता ह्याला साखरेचा आजार, जेवणाआधी पोटात इन्सुलिनची सुई घेतो, आणि मग लगेच जेवावंच लागतं, नाहीतर साखर उतरते. ती त्यानं पान वाढतानाच घेतली होती. हे मला मॅडम पळत आल्या तेव्हा कळलं. "आजोबा, ते घामानं भिजलेत, हात थरथरतायत, आणि साखर दिली तर तोंड उघडत नाहीत!"

जाऊन बघतो तर तोंड राखेसारखं झालेलं. पुण्याच्या त्याच रुमालवाल्या बाई पंख्यानं वारा घालत होत्या.

"अरे मरशील, म्हाताऱ्या!" वीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. "साखर खा आधी."

"आधी व्याही," तो पुटपुटला. जीभ जड झाली होती, तरी हट्ट तेवढाच.

मी त्याच्यासमोर मांडी घातली, कालवणभाताचा गोळा केला आणि तोंडात कोंबला. त्याला दिसेल असा चावला. मग त्यानं तोंड उघडलं. मॅडमनी साखरेचं पाणी पाजलं, त्यावर मी माझ्या हातानं त्याला भात भरवला. पंधरा मिनिटांनी त्याच्या तोंडावर रंग आला. मी शिव्या देत होतो आणि खात होतो. पान कधी संपलं कळलं नाही.

"कसं झालंय?" त्यानं विचारलं.

"बेकार. चिंच फार झालीय."

"मग विहीनबाई काय घालायच्या?"

आठ महिने घरात कोणी तिचा विषय काढला की मी उठून बाहेर जायचो. त्या दिवशी उठलो नाही. म्हटलं, ती चिंच घालायचीच नाही, कैरी घालायची, आणि तीही सालीसकट. लसूण सोलायची नाही, ठेचायची. एकदा मासा टाकला की पळी घालायची नाही, टोप दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायचा. आणि असं फिरवताना माझ्याशी भांडायची, कारण मी तेव्हाच हटकून चहा मागायचो. पुण्याच्या बाई मोबाईलवर लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि कैरी केव्हा घालायची, माशाच्या आधी की नंतर?"

मी तोंड उघडलं, पण पुढचं मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं खाल्लं, पण चुलीजवळ जाऊन कधी बघितलं नाही. आता कोणाला विचारणार?

व्याह्यानं माझ्या पानात आणखी एक तुकडी वाढली.

"न्हाय ठाव तर न्हाय," तो हळू म्हणाला. "चहा मागितल्यावर काय बोलायच्या, ते सांगा."