लाल सुतळीचं टोक

"बाबा गेले," बाळकुमहून दामूकाकांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी कळव्याला प्रयोगशाळेत होते. रडू नंतर आलं. आधी आठवली ती फ्रिजमधली नळी... आमच्या शेवटच्या फेरीतली, अजून न उघडलेली. त्या फोनला आता दीड महिना झाला.

मी खाडीतल्या गाळाचा अभ्यास करते. पानं, शेवाळ, मासोळ्या, सगळं मरून तळाशी बसतं. तिथं हवा पोचली नाही, तर ते पुरतं कुजत नाही. त्यातला कार्बन शेकडो वर्षं टिकतो. तो बघायला नळी खुपसून गाळ थरांसकट वर काढावा लागतो. होडी दामूकाकांची. पहिल्याच दिवशी, होडीत घाण नको म्हणून, त्यांनी चिखलाची टोकं वर करून माझ्या साऱ्या नळ्या उलट्या उभ्या केल्या! "अहो काका, वाट लावलीत! वरचं-खालचं एक केलंत! वरचा गाळ आजचा, खालचा पणजोबांच्या वेळचा!" मी भडकलेच. बिचारे ओशाळले. पुढच्या खेपेपासून प्रत्येक नळीच्या वरच्या टोकाला त्यांच्या जाळ्याची लाल सुतळी असायची.

एकदा काळा गाळ हुंगत त्यांनी विचारलं, "बाय, हवा लागली नाय तं यात समदं ऱ्हातं ना?"

"बरंचसं राहतं."

"माजा बा खाडीत गेला. घावला नाय. मी आठ वर्सांचा व्हतो... त्यो पन आसंल?"

शास्त्र सांगायचं तर बरंच होतं. मी म्हटलं, "असेल, काका." तेव्हापासून नळी वर आली की ते आधी हात जोडायचे. झाकण लावायला मला उशीर झाला की खेकसायचे, "झाक गं बाय, वारा लागंल त्याला!"

गेल्या आठवड्यात अहवालासाठी ती नळी चिरायची वेळ आली. मला ती उघडायचीच नव्हती. गाळाला हवा लागली की काळा रंग उतरतो, तपकिरी पडतो. पण काम अडवलं असतं तर काकांनीच मला झापलं असतं. सुतळी सोडली, नळी चिरली, मोजमापं घेतली. मग वरचा चमचाभर गाळ घेतला, आमच्या शेवटच्या दिवसाचा. आणि खालून एक चमचा, अंदाजानं त्यांचे वडील खाडीत गेले त्या सुमाराचा. हवा राहू नये म्हणून दोन्ही एकाच चिमुकल्या बाटलीत काठोकाठ भरले. वरचं-खालचं एक झालं, काका. या वेळी चूक माझी, आणि मुद्दाम केलेली.

बाटलीवर नमुना क्रमांक नाही, नुसती लाल सुतळी आहे. फ्रिजच्या मागच्या कप्प्यात असते. कुणी तिच्या झाकणाला हात लावला की मी खेकसते, "राहू दे रे, वारा लागेल त्यांना!"