आमचे साडू आणि आडवा माईक

शांततेनं इतका छळलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. तुम्हाआम्हाला गोंगाटाचा त्रास होतो. आमच्या साडूंचा त्रास गोंगाट थांबल्यावर सुरू होतो. भर दुपारी वारा पडावा, कुत्री सावलीला जाऊन पसरावीत, शेजारणीचं भांडणसुद्धा जेवणापुरतं थांबावं, आणि अशा वेळी साडूंनी हेडफोन चढवून, डोळे मिटून, दाढ ठणकत असल्यासारखा चेहरा करून माईकसमोर बसावं. थोड्या वेळानं एक लांब उसासा येतो आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं, "हाय. अजून बी हाय."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला तेरला. आता यातली खरी गंमत ऐका. या माणसानं उभी हयात भोंग्यांच्या धंद्यात घालवली. लग्न असो, सप्ताह असो, निवडणूक असो, कर्णे बांधायला साडूच. तेरणा नदीच्या अलीकडे त्यांचा कर्णा लागला की पलीकडची जनावरं दावं तोडायची. सोनारीच्या जत्रेत एकदा त्यांनी असा काही आवाज सोडला की नवस बोलायला आलेला एक म्हातारा नवस विसरून तसाच घरी गेला, असं ते स्वतःच कौतुकानं सांगायचे. पुढं डीजेवाले आले, भोंगे माळ्यावर गेले, आणि रिकामपणी साडूंनी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. त्यात कोणी एक गोरा माणूस जंगलात उकिडवा बसून गळणाऱ्या पानाचा आवाज टिपत होता. झालं. ज्यानं तालुक्याच्या कानठळ्या बसवल्या, तो माणूस पान पडायची वाट बघत अंगणात बसायला लागला.

माईकच्या जाळीमागं बटणाएवढी चकती असते, तिला कॅप्सूल म्हणतात, हे मला साडूंमुळं कळलं. ही चकती समोर कोणी बोलत नसतानाही स्वतःशीच बारीक खरखरत असते. चकती जितकी लहान, तितकी तिची कुरकुर जास्त. "आपल्या राजकारणात बी आसंच हाय," साडू म्हणतात, "ल्हान माणूस जास्त खरखरतो." ही खरखर त्यांनी अशी काही जिवाला लावून घेतली की घरी येणाऱ्याला चहाच्या आधी हेडफोन मिळायला लागला. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा ओट्यावर बसवलं आणि त्याचे कान झाकले.

"काय ऐकू येतंय?"

"कायच न्हाय, काका."

"न्हाय म्हंजी किती न्हाय?"

तो बिचारा बराच वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, "काका, मला अजून पुढची गल्ली करायचीय." साडूंनी त्याला जाऊ दिलं, पण त्या दिवसापासून मीटरच्या आकड्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. ज्याला एवढी खरखर ऐकू येत नाही, त्याला मीटर काय दिसणार, असा त्यांचा सवाल होता.

खरखरीचं दुखणं कमी होतं म्हणून की काय, साडूंनी दोन माईकांचा संसार मांडला. ही पद्धत त्यांनी मला जेवताना ताटात मांडून दाखवली. ठेचा म्हणजे गाणारा माणूस. भाकरीचा एक तुकडा ठेच्याकडं तोंड करून ठेवला. हा सरळ माईक, नाकासमोर बघून ऐकणारा. त्याच्या डोक्यावर दुसरा तुकडा आडवा ठेवला. हा आडवा माईक डाव्या नि उजव्या कुशीनं ऐकतो. सरळ माईक माणूस देतो, आडवा माईक त्याच्या दोन्ही बाजूंची जागा देतो. दोन्हींची बेरीज-वजाबाकी केली की डोळे मिटल्यावर माणूस समोर बसलेला दिसतो, खोलीसकट. "पर आडव्याची एक खोड हाय," साडू म्हणाले. "त्याच्या कुशीचं त्याला समदं ऐकू येतं, पर म्होरचं न्हाय येत. मागचं बी न्हाय."

भाकरी थापता थापता अक्का म्हणाली, "म्होरचं ऐकू येत न्हाय? मग त्यो आपल्याच घरातला."

या दोन चकत्या एकमेकींच्या अगदी डोक्यावर डोकं ठेवून बसल्या पाहिजेत, अंतर पडलं की सगळं चित्र फिसकटतं, आणि त्यांना जमिनीचा हादरासुद्धा लागता कामा नये, अशी साडूंची अट होती. या अटीपायी त्या घराची जी दशा झाली ती पाहवत नव्हती. प्रथम दोन स्टँड शेजारी उभे केले. त्यांचे पाय एकमेकांत अडकायचे. मग एकाच दांडीवर दोन्ही माईक आवळले. ती दांडी घरातून कोणी चाललं तरी थरथरायची. मग स्टँडचे पाय हरभऱ्याच्या पोत्यांवर ठेवले, तर उंदरांनी येऊन आपलं रेकॉर्डिंग दिलं. शेवटी साडूंनी अक्काच्या पिठाच्या चाळणीची जाळी कापून काढली, राहिलेल्या कड्यात सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या उलटसुलट ताणल्या, आणि त्या जाळ्यात दोन्ही माईक बसवून चाळणी वाशाला टांगली. चाळणी स्थिर राहिली. पीठ कशानं चाळायचं, हे अक्कानं विचारलं तेव्हा साडूंनी तिला हातानं गप्प राहायची खूण केली. चाचणी चालू होती.

शेजारी गिरणी आहे. साडू एका दुपारी गिरणीवाल्याकडं गेले आणि तासभर गिरणी बंद ठेवता का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. गिरणीवाला पट्ट्यावरची पिठाची भुकटी झटकत म्हणाला, "दाजी, तुमच्या भोंग्यापायी आमच्या म्हशीनं दूध आटवलं, तवा म्या तुमच्या दारात आलो व्हतो का?" साडू मान खाली घालून परत आले. हा त्यांच्या आयुष्यातला पहिला असा वाद, ज्यात त्यांनी आवाज चढवला नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग अक्काच्या गळ्याला गाठ आली.

अक्काचा गळा म्हणजे काय, हे तेरच्या बायकांना विचारा. बारसं असो की हळद, अक्का बसल्याशिवाय गाणं धरायचं नाही, हा तिथला रिवाज. सासूकडून आलेली, आईकडून आलेली, बांधावर खुरपताना कोणाकोणाकडून वेचलेली गाणी तिच्या गळ्यात होती आणि दुसरीकडं कुठंच नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ काढावी लागेल. बोलता येईल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही. साडू म्हणाले, "बोलण्याचं काय घिऊन बसलात, डाक्टर. बोलायला आख्खं गाव हाय." डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की ऑपरेशनच्या आधी अक्काची सगळी गाणी घ्यायची, आणि अशी घ्यायची की डोळे मिटले की ती समोर बसलेली दिसली पाहिजे.

"घ्या की मोबाईलवर," अक्का म्हणाली. "आत्ता म्हणते."

"मोबाईलवर? तू काय वाढदिवसाची क्लिप हायस का?"

आणि मग सुरू झालं ते. आज खरखर जास्त, उद्या चाळणी तिरकी, परवा पत्र्यावर चिमण्या. अक्का रोज तोंड धुऊन, पदर सावरून समोर बसायची आणि रोज उठून स्वयंपाकाला लागायची. माझी बायको फोनवर रडकुंडीला यायची, "दाजींना कुणीतरी सांगा हो." मी सांगितलं. साडू म्हणाले, "पावणं, येकदाच मिळनार हाय ती. खरखरीसंगट कशी ठिवू?"

सोलापूरला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं तेरला पोचलो, तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. पंखा बंद, फ्रिजची वायर काढलेली, कोंबड्या डालग्याखाली. गिरणीसुद्धा बंद होती. गिरणीवाल्यानं कोणी न सांगता ती बंद ठेवली होती आणि तो दारात हाताची घडी घालून उभा होता. अक्का चाळणीसमोर सतरंजीवर बसली. मी डाव्या भिंतीला, बायको उजव्या भिंतीला, साडू चाळणीच्या मागं रेकॉर्डिंगचं मशीन चालू करून. मशीनवर प्रत्येक माईकचं वेगळं बटण. साडूंनी सरळ माईकचं बटण बंद केलं, कारण आडव्याची चकती लहान, तिची खरखर एकटीच ऐकून बघायची होती. ते ऐकत राहिले. ऐकतच राहिले.

"आता माझा घसा सुकला," अक्का म्हणाली. "म्या म्हनते बगा."

आणि तिनं धरलं,

काळ्या ग रानामंदी, हुबी जवारी टपोर
माझ्या बाळाच्या मामाचं, हितून दिसतं शिवार

गाठीमुळं असेल किंवा उद्याच्या भीतीमुळं असेल, पण अक्का असं कधी गायली नव्हती. पहिल्याच शब्दाला साडूंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. तो माणूस हेडफोनाशिवाय काही ऐकतोय हे मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, नजर बायकोच्या चेहऱ्यावर, हात मशीनवरून खाली. पाळणे झाले, हळदीची झाली, जात्यावरच्या ओव्या झाल्या. उन्हाचा कवडसा सतरंजीवरून भिंतीवर चढला तेव्हा अक्का थांबली आणि पाणी मागितलं. साडूंनी मशीन बंद केलं आणि तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं टॉवेलात गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात अक्काला आत नेलं आणि दार लागलं. बाहेरच्या बाकावर साडूंनी पिशवीतून टॉवेल काढला. "जरा ऐकतो," म्हणाले. हेडफोन लावला. मी त्यांच्याकडं बघत होतो, म्हणून सांगतो. माणसाचा चेहरा एवढा हळूहळू पडताना मी पाहिलेला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवला.

आधी कानात मी होतो. माझं खाकरणं, माझ्या शर्टाची सळसळ. मग माझ्या बायकोच्या बांगड्या, तिचं मुसमुसणं. डालग्याखालची कोंबडी होती, लांबचा ट्रॅक्टर होता. आणि मधे, जिथं अक्का असायला हवी तिथं, दोन घरं सोडून कोणीतरी गात असावं तसं काहीतरी भिंतींवर आपटून येत होतं. शब्द लागत नव्हते.

"सरळ्याचं बटन बंद ऱ्हायलं," साडू म्हणाले. "ती म्होरं व्हती. म्या मागं. आडव्याला दोन्ही ऐकू येत न्हाय." दाराकडं बघत म्हणाले, "तुमी दोघं हाव. आमी दोघं न्हाय."

मग ते उठले आणि बंद दाराशी गेले. तिथल्या नर्सला त्यांनी विचारलं, "थांबवता येतं का अजून? जरा येळ?"

"भूल दिली, काका. बसा तुम्ही."

गाठ साधी निघाली. अक्का घरी आली, बोलायला लागली. आवाज खाली बसला, फाटला; "चहा ठिवते" एवढं त्यात मावतं, ओवी मावत नाही. साडूंनी त्या रेकॉर्डिंगचा आवाज वाढवून पाहिला, तर अक्काबरोबर खरखरही तेवढीच वाढायची. मग आम्ही नातेवाइकांकडचे जुन्या लग्नांचे व्हिडिओ गोळा केले. सगळ्यांत अक्का आहे, तोंड हलतं आहे, आणि वरून साडूंचा भोंगा वाजतो आहे. एकही लग्न सुटलेलं नाही. धंदा चोख होता त्यांचा.

अक्काला हे सांगायची हिंमत साडूंना बरेच दिवस झाली नाही. सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. ती त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "तुमी तर ऐकलं न्हवं?"

"व्हय."

"मग झालं की."

"मला ठिवायचं व्हतं ग," साडू म्हणाले.

परवा गिरणीवाल्याच्या नातवाचं बारसं झालं. बायका आत, आम्ही बाहेर मांडवात खुर्च्यांवर. अक्का पाळण्याशी एका नव्या सुनेला चिकटून बसली होती. ती सुनेच्या कानात ओळ सांगायची आणि सून ती मोठ्यानं म्हणायची. सुनेचा आवाज बरा होता, साधाच. साडूंनी हातातला चहा तसाच धरला होता.

"प्रत्येक तिसऱ्या वळीच्या आधी थांबती बगा ती पोरगी," ते म्हणाले. "ते थांबनं आमच्या हिचं हाय."

पाळणा संपला, निदान बायकांना तसं वाटलं. घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली, अक्का पाणी प्यायला उठली, आणि गिरणीवाला आम्हाला पंगतीला बोलवायला आला. मी उठलो.

"अजून येक कडवं हाय," साडू म्हणाले.

आम्ही थांबलो. आतून भांड्यांचा, पोरांचा, हसण्याचा आवाज येत होता. कडवं काही आलं नाही.

"तुमी व्हा म्होरं," साडू म्हणाले. "म्या बसतो जरा."