ताईचा पत्ता, माझा अधिवास

मिशिगनमधल्या ताईच्या घरासमोरून मी विमानतळाकडे निघालो, तेव्हा ती घरातल्या सपाता घालून बर्फात उभी होती. हातात धपाट्यांचा डबा होता. टॅक्सीची काच खाली करायला एक बोट पुरलं असतं. मी ड्रायव्हरला म्हणालो, चला. वळून बघितलं नाही, पण आरशात दिसायचं ते दिसलं. तिनं हात हलवला नाही. नुसती उभी होती.

याला सहा वर्षं झाली. मित्रांनो, तुमच्यापैकी जे नगरलाच राहिले त्यांना मी सांगितलं होतं की जर्मनीत मोठी नोकरी लागली म्हणून अमेरिका सोडली. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं आज लिहितो.

स्वतःच्या हिमतीवर वर आलो असं मी नेहमी सांगतो. वडील बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी लेथ मशिनं घ्यायचे, दुरुस्त करून विकायचे. सौद्याला मला बरोबर न्यायचे आणि म्हणायचे, “भाव पाडताना मालाकडे बघायचं. माणसाच्या तोंडाकडे बघितलंस की संपलं.” त्या एका वाक्यावर मी डिप्लोमा, डिग्री, अमेरिकेतली नोकरी, सगळं मिळवलं. ही गोष्ट सांगताना एक भाग मी कायम गाळत आलो: तिकडची पहिली दोन वर्षं मी ताई आणि दाजींच्या बेसमेंटमध्ये फुकट राहिलो.

पुढे मला नागरिकत्व मिळालं, तेव्हा ताईनं घरी वीस-पंचवीस माणसं जेवायला बोलावली. दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, “रोप आमच्या बेसमेंटमध्ये लावलं होतं, बरं का. आता अमेरिकन झालंय. खत आमचं.” लोक हसले. मी ताट खाली ठेवलं. म्हणालो, “दाजी, मी भाडं द्यायला तयार होतो, तुम्ही घेतलं नाहीत. ते आज असं वसूल करताय का?” दाजी म्हणाले, “अरे विनू, गंमत केली रे.” मला ती गंमत वाटली नाही. आजही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणसाला चारचौघांत त्याची सुरुवात दाखवू नये.

त्यानंतर महिनाभरात मी जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यातलं कंत्राटी काम मिळवलं. फ्लॅटची लीज संपली होती, म्हणून शेवटचे चार दिवस ताईकडे काढले, दाजींशी एक शब्द न बोलता. मग तो बर्फ, तो डबा.

स्टुटगार्टला आल्यावर मी अमेरिकेचा एकेक धागा कापला. बँकेतलं खातं बंद केलं. इथल्या ऑफिसात मिशिगनचं लायसन्स जमा करून, परीक्षा न देता जर्मन लायसन्स पदरात पाडलं आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. मतपत्रिका कधी मागवली नाही. ताईचा फोन आला की मीटिंगमध्ये असायचो. मग तिचे फोन थांबले.

जर्मनीतच मेधा भेटली. ती नागपूरची. कायझर्सलाउटर्नला एका संशोधन संस्थेत काम करायची. आम्ही नागपूरला रजिस्टर लग्न केलं आणि स्टुटगार्टच्या चढावरच्या एका घरात राहायला लागलो. मागच्या वर्षी तिला मिशिगनमधल्या एका प्रयोगशाळेत हवी तशी जागा मिळाली. अट एकच होती: व्हिसाची व्यवस्था तिनं स्वतः करायची, आणि सप्टेंबरच्या आत हजर व्हायचं. मी म्हणालो, “त्यात काय, मी नागरिक आहे. बायकोला स्पॉन्सर करतो.”

फॉर्म भरताना कळलं की परदेशात राहून बायकोला बोलावणाऱ्यानं स्वतःचं डोमिसाइल, म्हणजे कायमचा अधिवास, अमेरिकेत आहे, किंवा तिच्याबरोबर तिथं परत जाऊन राहायचा पक्का बेत आहे, हे दाखवावं लागतं. डोमिसाइल म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. आपल्याकडे डोमिसाइल म्हणजे एक कागद. डिप्लोमाच्या प्रवेशावेळी मी तो तहसील कचेरीबाहेरच्या एजंटाकडून दोन दिवसांत काढला होता. इथं जर्मनीतही ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नागरी कचेरीत, गेलं की राहण्याच्या नोंदीचा दाखला शिक्का मारून हातात देतात. मला वाटलं, पत्ता लिहिला की झालं. रकान्यात मी ताईचा पत्ता लिहिला. तिला विचारलं नाही. मेधालाही सांगितलं नाही की विचारलेलं नाही.

मुलाखत फ्रँकफर्टच्या वकिलातीत होती. काचेपलीकडची अधिकारी तिशीची, शांत, नम्र बाई. तिनं मेधाला विचारलं, “तिकडे कुठे राहणार?”

“यांच्या बहिणीच्या घरी.”

“त्यांच्याशी बोलणं झालंय तुमचं?”

मेधानं माझ्याकडे बघितलं. नंतर काचेकडे बघून म्हणाली, “नाही. मी त्यांना कधी भेटलेली नाही. ही दोघं भावंडं बोलत नाहीत.”

अधिकारी माझ्याकडे वळली. “त्यांना ठाऊक आहे का, तुम्ही येणार आहात?”

मी सौदा सुरू केला. शिल्लक किती आहे, सामान नेणाऱ्या कंपनीशी बोलणी कशी चालू आहेत, नोकरीसाठी कुठं कुठं अर्ज केलेत. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “सर, माझा प्रश्न वेगळा होता.” आणि एक कागद काचेखालून सरकवला. अधिवासाचा आणखी पुरावा हवा. ज्यांच्या घरी राहणार त्यांचं सहीचं पत्र, आणि घर त्यांचंच असल्याचा कागद. तोवर व्हिसा थांबला.

परतीच्या ट्रेनमध्ये मानहाइम येईपर्यंत मेधा वकिलातीचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. मग म्हणाली, “आल्झो, म्हणजे तू विचारलंच नव्हतंस.”

“पत्ता खोटा नाहीये. घर आहे तिथे.”

“घर आहे. तू कुठे आहेस तिथे?”

“तू तरी काय गरज होती सगळं सांगायची? हो म्हणायचं फक्त.”

“शपथ घेतली होती मी. तूही घेतली होतीस. ते दाजी आजारी होते, तेव्हा तरी गेला होतास का?”

“सुट्टी नव्हती.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं. तिला ठाऊक होतं की त्याच महिन्यात आम्ही दोघं दहा दिवस पोर्तुगालला गेलो होतो.

दाजी दोन वर्षांपूर्वी गेले. मी गेलो नाही. फोनही केला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताईला फोन लावला. बोलायचं काय ते कागदावर लिहून घेतलं होतं. तिनं “हॅलो” म्हटल्याबरोबर मी सुरू झालो: सहा महिने राहू, बाजारभावानं भाडं देऊ, लेखी करू, वीज-पाणी वेगळं, हवं तर बेसमेंटसुद्धा चालेल.

“बोलून झालं?” ताईनं विचारलं.

“हो.”

“सहा वर्षांनी फोन केलास आणि माझ्याशी घासाघीस करतोस, विनू?”

“घासाघीस नाही गं. तुला भार नको म्हणून म्हटलं. आणि त्या दिवशी दाजी जे बोलले…”

“दाजी गेले. आता कुणाशी भांडतोयस? दवाखान्यात दोनदा विचारलं त्यांनी, विनूला कळवलंस का म्हणून. मी म्हटलं, कळवलंय, येतोय. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला लावलंस मला.”

हे उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. फोनवर समोरच्याचं तोंड दिसत नाही, हे मला आजवर सोयीचं वाटत आलं होतं.

मग ती म्हणाली, “मेधाला दे.”

मी फोन दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. मेधा आधी “हो ताई, नाही ताई” करत होती. मग म्हणाली, “नाही हो ताई, मला ठाऊकच नव्हतं.” बरंच बोलणं झालं. एकदा ती हसली. फोन ठेवून आत आली आणि म्हणाली, “पत्र देतायत. माझ्यासाठी देतेय म्हणाल्या, त्याच्यासाठी नाही. तुला असंच सांगायला सांगितलंय.”

तीन दिवसांत कागद आले. घराच्या दस्तावर दोन नावं होती, ताईचं आणि दाजींचं. घर आता तिच्या एकटीचं आहे हे दाखवायला तिनं न मागता दाजींचा मृत्यूचा दाखलाही जोडला होता. म्हणजे बायकोच्या व्हिसाच्या फाइलमध्ये, माझा अधिवास सिद्ध करायला, दाजींचं मरण लावायचं होतं. त्यावरची तारीख बघून मला तो शनिवार आठवला. इथं भाड्याच्या घरात स्वयंपाकघराचे ओटे-कपाटं बहुधा नसतात, आधीच्या भाडेकरूची विकत घ्यावी लागतात. दुपारी मी त्या म्हाताऱ्या भाडेकरूशी किचनचा भाव पाडत बसलो होतो. खिशात फोन वाजला. कुटुंबाच्या ग्रुपवर बातमी होती. मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, फोन खिशात घातला आणि भाव आणखी थोडा पाडला. रात्री जेवताना मेधाला सौद्याची गोष्ट रंगवून सांगितली. दाजी गेल्याचं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

ताईचं पत्र इंग्रजीत होतं, दहाएक ओळींचं. मतलब असा: मेधा माझी भावजय आहे. ती येईल तेव्हा हे घर तिचं आहे, हवं तितके दिवस. माझा भाऊ विनायक सहा वर्षांत या घरी आलेला नाही. तिच्याबरोबर तो राहू शकतो.

मी मेधाला म्हणालो, “ताईला शेवटची दोन वाक्यं बदलायला सांग. असं लिहिलं तर अधिकारी शंका घेतील.”

“खरं आहे ना?”

“खरं आहे, पण…”

“मग राहू दे. तुला नको असेल तर तू स्वतः सांग त्यांना.”

मी सांगितलं नाही. पत्र होतं तसं गेलं. माझ्या बँकेच्या कागदांनी जे साधलं नव्हतं ते त्या पत्रानं साधलं. महिन्याभरात मेधाचा पासपोर्ट व्हिसासकट पोस्टानं आला.

सप्टेंबरच्या आधी आम्ही निघतोय. ताई आणि मेधा आता आठवड्यातून दोनदा बोलतात. तिला मासे चालतात का, उशी कडक लागते का, बुद्धवंदनेसाठी खोलीत कोपरा हवा का, सगळं विचारून झालंय. माझ्याबद्दल ताईनं काही विचारलेलं नाही. मीही फोन मागून घेत नाही. दाजींच्या गमतीचा राग पुरता गेलाय असं म्हणालो तर तेही खोटंच होईल. पण तो राग घेऊन मी कुठं कुठं गेलो नाही, ते मला आता कळतं.

तुम्ही नगरचे लोक फोनवर विचारता, विन्या, तुझं घर आता नक्की कुठलं रे? नगरचं विकलं, इथलं भाड्याचं. सरकारदरबारी उत्तर आहे, आणि ते ताईच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यात आहे: तिच्याबरोबर तो राहू शकतो. स्पॉन्सर मी, पण घरात शिरणार आहे तो मेधाच्या नावावर. यात घासाघीस करायला जागा नाही आणि मी करणारही नाही. दार उघडल्यावर मेधा आत जाईल. मी बॅगा घेऊन पायरीवर थांबेन, ताई माझं नाव घेऊन आत ये म्हणेपर्यंत. लगेच म्हणेल असं धरून चाललेलो नाही.